मशेरी ‘सुटत’ नाही: एका आशाताईचं प्रकरण

“मॅडम, हे सगळं मीच बायकांना सांगते.”

पहिल्या भेटीत मी तोंडाच्या कर्करोगाचा चित्रांचा तक्ता उघडला, तेव्हा ताई एवढंच म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. शाळेत पाढा आधीच पाठ असलेल्या मुलानं मास्तरांना सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मी तक्ता मिटला नाही, उलट पुढचं पान काढलं. या प्रकरणातली माझी पहिली चूक तीच. ती चूक माझ्या कामात इतकी मुरलेली होती की पुढचे दहा दिवस मला तिचा पत्ताही लागला नाही.

मी तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन करते. हे प्रकरण सातारा जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या भागातलं आहे. ओळख पटू नये म्हणून एकीपेक्षा जास्त जणींचे तपशील एकत्र करून ते लिहिलं आहे, आणि गाव मुद्दामच सांगत नाही. ताईंचं वय ४४. गावच्या आशा, म्हणजे आरोग्य खात्यासाठी घरोघर जाणाऱ्या कार्यकर्त्या, म्हणून बारा वर्षांहून जास्त काळ काम. घरी नवरा, मुलगा, सून आणि पंच्याहत्तरीच्या सासूबाई. मशेरी अठ्ठावीस वर्षांपासून, दिवसातून पाच वेळा. खालच्या ओठाच्या आत, डाव्या बाजूला, रोज बोट फिरतं नेमकं त्याच जागी पांढरा चट्टा दिसला म्हणून दातांच्या डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं: मशेरी बंद करा, काही आठवड्यांनी पुन्हा बघू, चट्टा राहिला तर तुकडा तपासायला पाठवू.

शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगते. मशेरी म्हणजे तंबाखूची पानं तव्यावर काळी पडेपर्यंत भाजून केलेली पूड. काही जण मिश्री म्हणतात. ती घरीच भाजतात, डबीत भरतात आणि बोटानं दातांना, हिरड्यांना लावतात. दात घासायच्या निमित्तानं ती तोंडात जाते, म्हणून तिला कुणी व्यसन म्हणत नाही. गावात बाईनं विडी ओढली तर बोभाटा होईल, पण मशेरीची डबी सासू स्वतः सुनेपुढे सरकवते. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण चुलीवरच्या तव्याला कोण बंदी घालणार? २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के निघाले, आणि तोंडात ठेवायची, चघळायची किंवा दातांना लावायची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. आपल्याकडची तंबाखू धुरात दिसत नाही ती अशी.

आता पहिल्या भेटीचा हिशेब. माझे प्रश्न असे होते: रोज किती वेळा लावता? किती वर्षं? धोके माहीत आहेत ना? घरातल्यांना आवडतं का? मग सोडणार ना? त्यांची उत्तरं: पाच वेळा. अठ्ठावीस. हो मॅडम. नाही मॅडम. हो मॅडम, बघते.

मी फाइलमध्ये लिहिलं, ‘रुग्ण सोडण्यास तयार.’

आज ती ओळ वाचली की हसू येतं. ‘बघते’ या शब्दाचा अर्थ ज्याला कळत नाही त्यानं महाराष्ट्रात समुपदेशन करू नये. लग्नाच्या स्थळाला नाही म्हणायचं असेल तर आपण ‘बघू’ म्हणतो, उधार द्यायचे नसतील तरी ‘बघू’ म्हणतो. निघताना ताई उंबऱ्यात थांबल्या आणि म्हणाल्या, “लय वेळा प्रयत्न केला मॅडम, पण सुटतच न्हाई.” ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. खरं तर त्या पाऊण तासातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच होतं.

खोड सरळ करायची खोड

ज्या पद्धतीबद्दल हे टिपण आहे तिचं इंग्रजी नाव मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग. मराठीत कुणी ‘प्रेरणात्मक मुलाखत’ म्हणतं, तेव्हा मला नोकरीची मुलाखत आठवते. ‘मोटिव्हेशनल’ म्हटलं की आपल्याकडे स्टेजवर घसा फोडून बोलणारे वक्ते आणि सकाळी सहाचे सुविचार डोळ्यांपुढे येतात. ही पद्धत त्याच्या बरोबर उलटी आहे. इथे बोलायचं असतं समोरच्यानं. मी तिला ‘प्रेरक संवाद’ म्हणते.

तिचा जन्म दारूच्या प्रश्नातून झाला. विल्यम मिलर हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९८२ मध्ये नॉर्वेत, बर्गनजवळच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात काही काळ राहायला गेले होते. तिथले तरुण सहकारी त्यांना रुग्णाशी बोलण्याचं प्रात्यक्षिक करायला लावायचे आणि मध्येच थांबवून विचारायचे: आता हाच प्रश्न का विचारलात? त्याच वाक्याला दुजोरा का दिलात, या वाक्याला का नाही? मिलर नकळत जे करत होते ते या प्रश्नांमुळे त्यांना शब्दांत मांडावं लागलं, आणि १९८३ मध्ये त्यावर पहिला लेख आला. पुढे स्टीफन रोलनिक त्यांना येऊन मिळाले. दोघांनी मिळून १९९१ मध्ये या पद्धतीचं पुस्तक काढलं.

मूळ विचार साधा आहे. व्यसन असलेल्या माणसाला बदलायचं नसतं असं नाही. त्याला बदलायचंही असतं आणि नकोही असतं, एकाच वेळी. आपला तळ्यात-मळ्यात खेळ आठवा. खेळणारा रेषेवर उभा असतो. मी बाहेरून ‘मळ्यात!’ म्हणून ढकललं की तोल सावरायला तो हमखास तळ्याकडे झुकतो. मी ‘सोडा’ म्हणाले की ‘न सोडण्याची’ सगळी कारणं त्याला बोलून दाखवावी लागतात. आणि माणूस स्वतःच्या तोंडून जे ऐकतो त्यावर त्याचा विश्वास हळूहळू बसत जातो. म्हणजे तंबाखूची वकिली मी त्याच्याकडून करून घेते, तीही सरकारी पगारावर.

समोरच्याचं चुकलेलं दिसलं की ते सरळ करायला हात शिवशिवतात. या प्रवृत्तीला या पद्धतीत वेगळं नाव आहे. मी तिला ‘सरळ करायची खोड’ म्हणते. ही खोड महाग पडते. मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९३ च्या अभ्यासात, समुपदेशक जितका अंगावर गेला, जितका वाद घालत राहिला, तितकं त्या माणसाचं दारू पिणं वर्षानंतर जास्त आढळलं.

पण मला एक गोष्ट पुस्तकातल्यापेक्षा वेगळी दिसते. पाश्चात्त्य उदाहरणांतला रुग्ण वाद घालतो: ‘मला काही झालेलं नाही, तुम्ही कोण सांगणारे?’ आपल्याकडे, विशेषतः सरकारी दवाखान्यात, समोरची बाई वाद घालत नाही. ती मान डोलावते. ‘हो मॅडम’ हाच आपल्याकडचा विरोध. त्यात आवाज नसतो, म्हणून तो आपल्याला यश वाटतो. ताईंनी पाऊण तासात एकदाही मला खोडून काढलं नाही. त्यावरूनच मला कळायला हवं होतं की संवाद तुटलाय.

आणि त्यांना माहिती कमी पडत होती असं तर म्हणताच येत नव्हतं. माहिती देणं हीच त्यांची नोकरी. तेव्हा आणखी एक तक्ता दाखवणं म्हणजे मूर्तिकाराला गणपती दाखवण्यासारखं.

बाकावर

दुसरी भेट ठरवलेली नव्हती. ताई गावातल्या दोन गरोदर मुलींना सोनोग्राफीला घेऊन आल्या होत्या. रांग मोठी होती. मी चहा घेऊन खोलीबाहेर आले तर त्या बाकावर एकट्याच बसलेल्या. मी शेजारी बसले. मध्ये टेबल नव्हतं, फाइल नव्हती. त्या बाकाचा उपयोग माझ्या कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा जास्त झाला असं मी गंभीरपणे म्हणते.

“ताई, त्या दिवशी मीच जास्त बोलले. तुमचं ऐकायचं राहूनच गेलं. मशेरीची आणि तुमची गाठ कशी पडली?”

‘का लावता?’ असं मी विचारलं नाही. मराठीत ‘का’नं सुरू होणारा प्रश्न बहुतेक वेळा आरोपच असतो. ‘का उशीर झाला?’, ‘का रडतेस?’ त्याचं उत्तर कारण म्हणून येत नाही, सफाई म्हणून येतं. ‘कशी’नं गोष्ट सुरू होते.

गोष्ट सुरू झाली. सोळाव्या वर्षी लग्न. नव्या घरात दाढ ठणकायला लागली. दवाखान्यात नेणार कोण? सासूबाईंनी डबी पुढे केली. दाढेचं दुखणं कमी झालं, आणि त्या निमित्तानं सासू-सुना पहिल्यांदा शेजारी बसल्या. मग सकाळी परसाकडेला जायच्या आधी लागायला लागली. मग दुपारी.

“दुपारची लय चांगली वाटती मॅडम. भांडी झाली, सगळी पडल्यात. ओट्यावर आम्ही चौघी बसतो. तेवढा वेळ कुणी हाक मारत न्हाई.”

इथे मी म्हणाले, “दिवसभरात तेवढीच वेळ तुमची स्वतःची.”

वाक्य कसं संपवलं ते बघा. मी ‘स्वतःची असते का?’ असं विचारलं असतं तर उत्तर ‘हो मॅडम’ आलं असतं आणि गोष्ट तिथेच थांबली असती. शेवटचा ‘का’ काढायचा, आवाज खाली आणायचा आणि थांबायचं. ऐकलेलं परत करायचं, पण जसंच्या तसं नाही. त्यांनी न बोललेलं अर्धं पाऊल पुढे टाकून. हे या पद्धतीतलं सगळ्यात अवघड काम. नवीन मुलं पोपटासारखी शेवटचे शब्द परत म्हणतात. मग समोरची बाई ‘हेच म्हणाले की मी’ अशा नजरेनं बघते.

ताई गप्प राहिल्या. मीही. मग म्हणाल्या, “स्वतःची म्हणजे… आशाचं काम लागल्यापासून ती पण गेली. फोन येतोच. आता नुसती मशेरी राहिली, बसणं न्हाई राहिलं. उभ्या-उभ्या लावते.”

मशेरीची वकिली करता-करता त्यांनी स्वतःच तिच्यातला एक खांब काढून घेतला. मी काहीही केलं नव्हतं.

त्यानंतर त्या जे बोलल्या त्यासाठी मी कितीही प्रश्न तयार करून आले असते तरी उपयोग झाला नसता. “मॅडम, एक सांगू? मागल्या वर्षी एका पोरीच्या घरी गेले. पाचवा महिना. तिला म्हटलं, मशेरी लावत असशील तर बंद कर. ती काय बोलली न्हाई. तिची धाकटी ननंद म्हणाली, ‘काकू, तुमच्या दातांना काय लागलंय?’ सगळ्या हसल्या. मी पण हसले.” थोडं थांबून: “तेव्हापासून मी तंबाखूचं विचारतच न्हाई कुणाला. बाकी सगळं विचारते.”

इथे जीभ आवरणं ही त्या दिवसाची खरी परीक्षा होती. ‘बघा, म्हणजे तुमच्यामुळे त्या बायकांना…’ हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. तर्कानं ते बरोबरच होतं. पण माणूस स्वतःचं वर्म स्वतः दाखवतो तेव्हा त्यावर आपलं बोट ठेवायचं नसतं. ठेवलं की तो हात मागे घेतो. आपण जे मानतो आणि आपण जे करतो त्यातली फट बदलाला जोर देते हे खरं, पण ती फट त्याची त्याला दिसली तर. मी दाखवली तर ती नुसती लाज होते, आणि लाज वाटली की माणूस आधी डबी शोधतो.

मी म्हणाले, “बाकी सगळं मनापासून करता, आणि हा एक विषय आला की घशात अडकतो.”

“अडकतो,” त्या म्हणाल्या. “मी चांगली आशा आहे मॅडम. माझ्या गावात घरी बाळंतपण झालेलं न्हाई कितीतरी वर्षांत.”

“तुमचं गाव तुमच्या शब्दावर दवाखान्यात येतं.” ही खुशामत नव्हती. दोन मुली रांगेत उभ्या होत्याच.

मग परवानगी घेऊन मी एक माहिती दिली. आधी विचारलं, मशेरीनं बाळावर काय होतं याबद्दल तुम्ही काय ऐकलंय? “वजन कमी भरतं म्हनतात.” मी म्हणाले, त्याबद्दल एक आकडा आहे, सांगू का? त्या हो म्हणाल्या. आणि हे ‘हो’ पहिल्या भेटीतल्या ‘हो’सारखं नव्हतं. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा पाठपुरावा करून केलेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशी तंबाखू वापरणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं होतं. आकडा सांगून मी पुढे काही जोडलं नाही. “तुम्हाला यावरून काय वाटतं?” एवढंच.

हाच आकडा मी शेकडो जणींना सांगितलाय. तो बहुतेकींच्या कानावरून जातो. पण ताई नवजात बाळांच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जाऊन काट्याच्या झोळीत त्यांना स्वतः तोलतात. शंभर ग्रॅम म्हणजे काय ते त्यांच्या हाताला माहीत आहे. त्या हळूच म्हणाल्या, “शंभर ग्रॅम वाढवायला आम्हाला किती दिवस जातात.”

तेवढ्यात सोनोग्राफीसाठी नाव पुकारलं आणि त्या उठल्या. पस्तीस मिनिटं झाली होती. ‘सोडा’ हा शब्द एकदाही आला नव्हता.

नवरात्राचे नऊ दिवस

तिसऱ्या भेटीला त्या आपणहून आल्या. या वेळी मी पट्टी वापरली. शून्य ते दहा अशी ही पट्टी या पद्धतीत नेहमीची आहे. सोडणं किती महत्त्वाचं वाटतं? आठ. सोडायची ठरवली तर जमेल असं किती वाटतं? तीन.

साधारणपणे कुणीही विचारेल, ‘तीनच का?’ मग जमणार नाही याची यादी ऐकावी लागते. विचारायचं उलट: “एक नाही म्हणालात, तीन म्हणालात. ते वरचे दोन कुठून आले?”

ताई हसल्या. “नवरात्रात नऊ दिवस मी हात लावत न्हाई.”

मला हे माहीत नव्हतं. ‘लय वेळा प्रयत्न केला’ म्हणाल्या होत्या तेव्हा मी विचारायला हवं होतं. “नऊ दिवस,” मी म्हणाले आणि थांबले.

“दोन-तीन दिवस डोकं लय जड होतं. चिडचिड. परसाकडंला होत न्हाई. मग चौथ्या-पाचव्या दिवसापासून…” त्या स्वतःच थांबल्या. “होतंय की. चौथ्यापासून होतंय आपोआप.”

मशेरी सोडायच्या आड येणारी सगळ्यात पक्की समजूत ही: तिच्याशिवाय पोट साफ होत नाही. निकोटिन बंद झालं की काही दिवस बद्धकोष्ठ होतं, हे खरंच आहे. म्हणून ती समजूत रोज सकाळी सिद्ध होते. मी ती खोडायला तासभर बोलले असते तर ताईंनी मान डोलावली असती. त्यांनी ती स्वतःच्या नवरात्रानं खोडली, अर्ध्या मिनिटात.

“आणि दहाव्या दिवशी?”

“दसऱ्याला आपलं परत. देवीचं होतं ना ते. देवीचं झालं, संपलं.”

ज्यांना भाषेत रस आहे त्यांनी ताईंची क्रियापदं बघावीत. पहिल्या भेटीत ‘सुटत न्हाई’. सुटणारी मशेरी, मी कुठेच नाही. दोरी सुटते, रंग सुटतो, तशी. नवरात्राच्या गोष्टीत ‘मी हात लावत न्हाई’. आता कर्ता आला. आणि तिसऱ्या भेटीच्या शेवटी “सोडली तर सगळ्याच वेळची सोडीन, दुपारची ठेवून उपयोग न्हाई.” अजून ‘तर’ आहे, पण ‘सोडीन’ आहे. या पद्धतीत बदलाची भाषा ऐकायला शिकवतात: इच्छा, क्षमता, कारणं, गरज, आणि मग बांधिलकी. मराठीत ती ऐकायची सोपी जागा म्हणजे ‘सुटणे’ आणि ‘सोडणे’ यांतला फरक. ‘सोडली पाहिजे’ ऐकून मात्र हुरळून जाऊ नये. त्या ‘पाहिजे’मागे बऱ्याचदा डॉक्टर, नवरा किंवा आरोग्य खात्याचा आवाज असतो.

एक कबुली. पूर्वी अशा वेळी मी कागदावर दोन रकाने काढायची: सोडण्याचे फायदे, न सोडण्याचे फायदे. दिसायला नीटनेटकं, फाइलला लावायला बरं. पण मिलर आणि गॅरी रोझ यांनी २०१५ मध्ये या विषयावरचे अभ्यास तपासून लिहिलं की ज्याचं अजून ठरलेलं नाही त्याच्यासमोर दोन्ही बाजू सारख्याच तोलल्या तर बदलाची बांधिलकी उलट कमी होते. रेषेवर उभ्या माणसाला दोन्ही पायांवर सारखा भार द्यायला लावला तर तो रेषेवरच राहणार. तेव्हापासून रकाने बंद.

बेत

ज्याचं ठरलंय त्याच्यापुढे मन वळवण्याचे उद्योग करत बसू नये. सरळ कामाला लागावं. “आता पुढे काय करावंसं वाटतं?” असं विचारल्यावर ताईंनी दिवस स्वतः काढला. मी मनात श्रावण धरला होता. त्यांनी मोडीत काढला. “श्रावणात सोडली की भाद्रपदात लागती. देवाचं नको. साधा दिवस घेते.” लसीकरण मंगळवारी, बुधवारी अहवाल, म्हणून गुरुवार. कॅलेंडरवर ज्याला काहीही नाव नाही असा गुरुवार.

निकोटिनचा २ मिलिग्रॅमचा गम डॉक्टरांनी सुचवला होता. ताईंचा आक्षेप: “काहीतरी चघळत घरोघर फिरू? लोक म्हणतील, आशाताईनं गुटखा धरला.” या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते शोधायचीही गरज नव्हती. गम फक्त सकाळी, घरात, असं त्यांनीच ठरवलं. सकाळी कोमट पाणी, रात्री भिजवलेले मनुके. दुपारी ओट्यावर बसायचं ते बसायचंच, पण फोन घरात ठेवून. ही अट मला फार आवडली. मशेरी गेली तरी ओटा परत मिळत होता.

अडचण सासूबाईंची होती. त्यांची मशेरी दर आठवड्याला ताईच भाजायच्या, आणि तव्यावरचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. मी सुचवणार होते की सासूबाईंशी बोलून बघा. ताई म्हणाल्या, “पंच्याहत्तरीला त्यांना काय सांगू? मी त्यांना तयार पुडी विकत आणून देईन. भाजणार न्हाई.”

तंबाखूमुक्तीच्या समुपदेशकाच्या साक्षीनं तंबाखू विकत आणायचा बेत ठरत होता. मला ते अजिबात पटलं नाही, आजही पटत नाही. पण घर त्यांचं, सासू त्यांची, आणि मशेरी सोडायला बसली होती ती सून. मी म्हणाले, “तवा तुमच्या हातून जायला हवा, आणि सासूबाईंचं मनही मोडायचं नाही.” त्या म्हणाल्या, “हां.” बेतात ते तसंच लिहिलं.

एका ठिकाणी मात्र मी ‘तुमची मर्जी’ म्हटलं नाही. चट्टा दाखवायला ठरल्या तारखेला यायचंच, मशेरी सुटो न सुटो, हे स्पष्ट शब्दांत सांगितलं. समोरच्याचा अधिकार मानणं म्हणजे जिवाच्या गोष्टीवर गुळमुळीत बोलणं नव्हे.

अकरावा दिवस

पहिले तीन दिवस नवरात्रासारखेच गेले. चौथ्या दिवशी ताईंचा फोन आला, “झालं मॅडम, पोट साफ.” अशा आनंदवार्ता आमच्या क्षेत्रात फोनवरच मिळतात.

नंतर फोन थांबले. दोन आठवडे वाट पाहून मी केला. अकराव्या दिवशी भावकीत मयत झालं होतं. बायका बसल्या, डबी फिरली.

“पडले मॅडम.”

“दहा दिवसांनंतर एकदा.”

“दोनदा.” मग थोडं हसून, “रात्री पण.”

“आणि दुसऱ्या दिवशी?”

“दुसऱ्या दिवशी न्हाई लावली. पण तुम्हाला फोन करायला लाज वाटली.”

मयताच्या घरी डबी नाकारणं म्हणजे नुसती तंबाखू नाकारणं नसतं. ती दुःखातली सोबत नाकारल्यासारखी दिसते. हे बेतात आमच्या दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. पुढच्या वेळी काय करता येईल असं विचारल्यावर त्यांनी उपाय काढला: अशा घरी चहा करायचं काम अंगावर घ्यायचं. चुलीपाशी असलं की डबी तिथवर येत नाही, आणि बाई कामाला लागली म्हणून नावही होतं. हा उपाय मला सात जन्मांत सुचला नसता.

दिवाळीनंतर त्या चट्टा दाखवायला आल्या. तो बराच फिकट झाला होता. डॉक्टरांनी तपासणी चालूच ठेवलीय. सासूबाईंची मशेरी चालू आहे, पुडीतली. गरोदर बायकांकडे तंबाखूचा विषय ताईंनी पुन्हा काढायला सुरुवात केलीय, पण जुन्या पद्धतीनं नाही. “मी त्यांना धोके न्हाई सांगत आता. म्हनते, मी सोडतीय, लय जड जातंय. मग त्याच सांगायला लागतात.” मी त्यांना हे शिकवलं नव्हतं.

निघण्याआधी मी फाइलमध्ये नोंद केली आणि या वेळी ती त्यांच्यापुढे सरकवली: ‘सकाळची बंद. दुपारची बंद. रात्रीची कधीकधी.’ ताईंनी चष्मा लावून वाचलं. माझ्या हातातलं पेन घेतलं, ‘कधीकधी’ खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, ‘महिन्यातून दोनदा’.